जुन्या पद्मिनीच्या इंजिनातला ठोका कसा ओळखावा

प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनातून अनोळखी ठोका ऐकू येऊ लागला, की गॅरेजमध्ये बहुधा पहिला सल्ला इंजिन खोलण्याचाच मिळतो. पुण्यातल्याच एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचे इंजिन असे पूर्ण खोलले गेले, सर्व बेअरिंगे चांगली निघाली आणि आवाज मात्र फॅन बेल्टच्या सैल झालेल्या पुलीचा होता, हे नंतर कळले. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी आवाज नीट ऐकावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

इंजिन चालू करण्याआधी ऑइलची पट्टी बाहेर काढून पातळी पाहावी आणि पट्टीवरच्या ऑइलचा वास घ्यावा. पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक असून त्यातला रबरी पडदा फाटला, तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यात, उतरते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगांवरचा ऑइलचा थर टिकत नाही. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागल्यानंतर जुन्या रबराकडे अधिक लक्ष देणे गरजेचे झाले आहे. पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल, तर पंप दुरुस्त करून ऑइल बदलेपर्यंत पुढची कोणतीही तपासणी करू नये.

त्यानंतर आवाज नेमका केव्हा येतो, हे लिहून ठेवावे. सकाळी थंड इंजिनात येणारा आणि इंजिन तापल्यावर जाणारा पोकळ आवाज बहुधा सिलिंडरमध्ये सैल झालेल्या पिस्टनचा असतो व तो घेऊन गाडी बराच काळ चालू शकते. कात्रजचा घाट चढताना, वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर स्टीलच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा आवाज येत असेल, तर तो बेअरिंगांचा नसून ज्वलनाचा असतो. पुढे सरकलेले टायमिंग (म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ), हेडमध्ये साचलेला कार्बन, कार्ब्युरेटरमधून मिळणारे पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेले) मिश्रण आणि तापलेले इंजिन ही त्याची नेहमीची कारणे होत. डेल्को, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर, किंचित फिरवून टायमिंग मागे घेतल्यावर हा आवाज कमी झाला, तर निदान तिथेच झाले असे समजावे.

आवाजाची लय ओळखणे हा या कामाचा गाभा आहे. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या एखाद्या टॅपेटचा टकटकाट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच होतो, तर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या बेअरिंगचा ठोका सहसा प्रत्येक फेरीला पडतो. टायमिंग लाइटची (स्पार्कबरोबर चमकणाऱ्या दिव्याची) क्लिप पहिल्या प्लगच्या वायरीला लावली, की दिवाही दोन फेऱ्यांत एकदाच चमकतो. आता दिव्याकडे पाहत कान द्यावा. एका चमकेमागे एक ठोका पडत असेल, तर टॅपेट किंवा कॅमशाफ्टवर चालणारा पेट्रोल पंप तपासावा, आणि दोन पडत असतील, तर क्रँकच्या बाजूला शोध घ्यावा. वाड्याच्या बोळात भिंतींवरून आवाज परततो आणि कानाची फसगत होते, म्हणून ही परीक्षा मोकळ्या जागीच करावी. तशीही धुरामुळे ती बंद जागेत करू नये.

क्रँकचा संशय आल्यास इंजिन स्लोपेक्षा (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता असलेल्या वेगापेक्षा) थोडे वर ठेवून एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढून बॉडीला टेकवावी. ज्या सिलिंडरचा स्पार्क तोडल्यावर ठोका स्पष्टपणे मंदावतो, त्याच्याच रॉडच्या बेअरिंगकडे बोट जाते. क्रँकला ब्लॉकमध्ये पेलणाऱ्या मेन बेअरिंगचा ठोका अधिक जड, गाडीवर भार आल्यावर येणारा असतो आणि एक प्लग तोडल्याने तो फारसा बदलत नाही. पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या गजन पिनचा आवाज स्लोवर तीक्ष्ण आणि पुष्कळदा दुहेरी ऐकू येतो. वायरी परत लावताना सिलिंडरांचा १-३-४-२ हा स्पार्कचा क्रम चुकवू नये.

बाहेरच्या भागांसाठी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पंपावर, टॅपेट कव्हरवर आणि वॉटर पंपावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावावी. पंखा फिरत असतो, म्हणून ओढणी, सैल बाह्या आणि घड्याळ आधी दूर ठेवावे. शंका उरली, तर इंजिन बंद करून फॅन बेल्ट काढावा व इंजिन फार तर अर्धा मिनिट चालवावे, कारण बेल्टविना वॉटर पंपही थांबतो. माझ्या गाडीचा दोष या अर्ध्या मिनिटात सापडला असता.

ठोका रॉडचाच ठरला, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये, ती ओढूनच न्यावी. ऑइल पांढऱ्या सुती कापडातून गाळून पाहावे. चुंबकाला न चिकटणारी चकाकणारी कणी बेअरिंगच्या धातूची असू शकते, चिकटणारी कणी लोखंडी भागाच्या झिजेची असते. चेंबर उतरवल्यावर क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजून घ्यावे, आणि ते घासावे लागणार असेल, तर घासून झाल्यानंतरचे माप कागदावर लिहूनच पुण्याच्या नाना पेठेत बेअरिंगे घ्यायला जावे.