पंचाहत्तरीच्या तयारीची यादी: आधी पलंग रिकामा करा

पलंग. यादीत पहिला पलंग, आणि पुढेही मी फिरून फिरून पलंगावरच येणार आहे. कंटाळा येणार असेल तर एवढंच वाचून थांबा: ज्यांचा वाढदिवस आहे त्यांचा पलंग सकाळपासून शेवटचा पाहुणा जाईपर्यंत रिकामा ठेवायचा. खोलीला बाहेरून कडी.

परवा मामेबहिणीचा फोन आला. मामाची बायपास होऊन अडीच महिने झालेत, पुढच्या महिन्यात पंचाहत्तरी. "ताई, तुम्ही आतोबांची केलीत ना, काय काय लागतं ते लिहून पाठव." केली, हो. अशी केली की अजून कोणी तो विषय काढला तर आई उठून स्वयंपाकघरात जाते. म्हणून ही यादी. तिच्यासाठी लिहायला घेतली, पण घरात दुखणं झालंय आणि त्याच वर्षी नेमका मोठा वाढदिवस आलाय अशी घरं बरीच असतात.

तारखेपासून सुरुवात करा. बाबांची कागदावरची जन्मतारीख १ जून. त्या पिढीत निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय, कारण जूनमध्ये शाळा उघडायची आणि गुरुजी दाखल्यावर तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. आजीच्या सांगण्यावरून बाबा पोळ्याच्या आदल्या दिवशीचे. मे महिन्याच्या शेवटी ते बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, गोळा बदलावा लागला. १ जूनला ते रुग्णालयातच होते. सकाळी नर्सने फाइल बघून शुभेच्छा दिल्या आणि बाबांनी तशाही अवस्थेत तिला पोळ्याची गोष्ट सांगितली. आम्ही ठरवलं, पंचाहत्तरी खऱ्या तारखेला, पोळ्याच्या आधीच्या रविवारी. तीन महिने मिळतील असं वाटलं. मिळाले, पण माणूस तीन महिन्यांत चालायला लागला म्हणजे चार तास खुर्चीत बसायला लागला असं नव्हे. हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

तारीख ठरवण्याआधी एक करून बघा. एखाद्या साध्या दिवशी त्यांना हॉलमध्ये बसवा, तीन-चार शेजारी गप्पांना बोलवा आणि किती वेळाने चेहरा उतरतो ते घड्याळात पाहा. बाबांचा आकडा चाळीस मिनिटं असता, आम्ही पाहिला असता तर. कार्यक्रम त्या आकड्याच्या मापाने बेता. सकाळी दहा ते अकरा औक्षण, मग ते खोलीत. पलंगावर. पाहुणे बाहेर जेवतील, गप्पा मारतील, त्यांना कोणी हाकलत नाही. शांत करायची असेल तर (पंचाहत्तरीची ती ऐंद्री शांत) गुरुजींना आधीच विचारा की यजमान किती वेळ बसायला लागतील आणि खुर्चीत बसले तर चालेल का. आमच्या गुरुजींनी लगेच हो म्हटलं, वर "मीही हल्ली खुर्चीतच बसतो" असं सांगितलं.

माणसं किती, हा ज्याच्या त्याच्या घरचा वाद. आम्ही पंचवीस ठरवली, बेचाळीस आली. "अचानक कळलं म्हणून आलो" वाल्यांचा हिशेब धराच. सर्दी-खोकला असणाऱ्यांना मात्र तोंडावर सांगा, येऊ नका. श्रावणात निम्मं गाव शिंकत असतं. वाईट वाटलं तर वाटू दे.

आता तुमच्याबद्दल. हो, तुमच्याबद्दल, जी यादी करतेय तिच्याबद्दल. मी तीन महिने बाबांच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपत होते. रात्रीतून तीनदा लघवीचं भांडं, एकदा पाणी, एकदा "किती वाजले गं". इतके दिवस काही झालं नाही, ताठ होते. धावपळ चालू असते तोवर शरीर तक्रार करत नाही, जरा ढिलं सोडलं की सगळं एकदम वसूल करतं. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात मला मिठाचं भांडं कुठे ठेवलंय ते आठवेना, आणि मी त्याच आठवड्यात पंचवीस माणसांचं नियोजन करत होते. तेव्हा यादीत हे लिहा: वाढदिवसाच्या आधी सलग दोन रात्री दुसऱ्या कोणीतरी जागायचं. भाऊ, जावई, ब्युरोमधून रात्रीपुरती मावशी, कोणीही. एक रात्र नव्हे, दोन. पहिल्या रात्री सवयीने जाग येतेच, खरी झोप दुसऱ्या रात्री लागते. आणि त्या दोन रात्री दुसऱ्या खोलीत झोपा, दार लावून. त्याच खोलीत "मी नुसती पडते" म्हणालात तर सगळं फुकट.

खुर्च्या भाड्याने मिळतात, पण नीट बघून घ्या. ज्येष्ठांसाठी हात असलेल्या खुर्च्या, नाहीतर उठताना दोन्ही बाजूंनी माणसं लागतात. उत्सवमूर्तींची खुर्ची उंच हवी. खुब्याचं ऑपरेशन झालेल्याने कमरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, मांडी तर नाहीच, आणि आमच्या आत्यांनी पाट मांडून ठेवला होता. पाटाभोवती रांगोळी. फरशीवरच्या रांगोळीवरून वॉकर कसा सरकतो ते एकदा करून बघा, नको, करून बघू नकाच. रांगोळी दाराबाहेर काढा. बायपासवाल्यांचं वेगळं: छातीचं हाड सांधायला दोन-तीन महिने जातात. कोणी कडकडून मिठी मारायची नाही, दंडाला धरून ओढून उठवायचं नाही. हे मामाच्या त्या मिरजेच्या मित्राला आधी फोन करून सांग, तो पाठीत थाप मारल्याशिवाय बोलत नाही.

बाथरूम कोरडं, चपला वाटेत नाहीत, दिवा लागतो. पुढे.

औक्षण. ताट, निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता हे काही सांगायला नको. वयाइतके दिवे मात्र विचार करून. कणकेचे पंचाहत्तर दिवे करायची हौस आम्हाला होती. साठावा पेटेपर्यंत पहिले दहा विझलेले, पंखा बंद, पाऊस म्हणून खिडक्या बंद, धूर आणि उकाडा, आणि बाबा मध्ये बसलेले. घरात ऑक्सिजनचं मशीन किंवा सिलिंडर चालू असेल तर त्या खोलीत एकही दिवा नको, वात नको, उदबत्ती नको, हट्ट तर नकोच. बाकीच्यांनी सात मोठे आणि पाच लहान लावावेत, मोठा दहाचा, लहान एकाचा, पंचाहत्तर झाले. ही वहिनीची युक्ती, दुर्दैवाने नंतर सुचलेली. पाच जणींनी ओवाळावं, प्रत्येकीने नको. आणि नमस्कार लांबून. बेचाळीस माणसं पाया पडली की तो माणूस बेचाळीस वेळा आशीर्वाद द्यायला पुढे वाकतो, थांबवलं तरी थांबत नाही.

शाली नकोत असं निमंत्रणातच लिहा. आमच्याकडे चौदा आल्या.

जेवण बाहेरून मागवा. हे वाक्य मी आईला तीन वेळा म्हटलं आणि ती तीन वेळा "पुरण तरी घरी" म्हणाली. नाही. मसालेभात, मठ्ठा, जिलबी, अळूवडी, बटाट्याची भाजी, सगळं आचाऱ्याकडून. पानं दहा जास्तीची सांगा. पण उत्सवमूर्तींचं जेवण वेगळं आणि वेळेवर, रोजच्या वेळेला, पंगतीशी त्याचा संबंध नाही. साखरेची जेवणाआधीची गोळी असेल तर पान समोर आल्याशिवाय ती हातात द्यायची नाही. बाबांना बारा वाजता गोळी दिली कारण बारा वाजले होते. जेवण आलं सव्वादोनला, कारण टेम्पो अडकला. मधल्या वेळात काय होतं ते ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांना सांगायला नको. घाम, थरथर, "मला जरा कसंतरी होतंय". शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. यंत्र आणि पट्ट्या कुठल्या खणात आहेत ते दोघांना तरी माहीत हवं. आमच्याकडे फक्त मला माहीत होतं आणि मी खाली टेम्पोची वाट बघत उभी होते.

तर आता पलंग. दीड वाजला होता. बाबांच्या खात्यातले, म्हणजे पाटबंधाऱ्यातले, एक ऐंशीच्या घरातले स्नेही मनोगत व्यक्त करत होते आणि आमच्या हॉलमध्ये कोयनेचा भूकंप पुन्हा होत होता. ११ डिसेंबर १९६७ची ती पहाट मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या दिवशी ती वीस मिनिटं चालली. बाबा आईला म्हणाले, जरा टेकतो. भावाने वॉकर दिला, खोलीपर्यंत नेलं, दार उघडलं. पलंगावर नऊ पर्सा, दोन हेल्मेटं, केकचं खोकं, चौदा शालींपैकी अकरा, कोणाची तरी बदललेली साडी, आणि मधोमध, दोन्ही बाजूंनी उश्या लावून, भाच्याची आठ महिन्यांची मुलगी गाढ झोपलेली. "उठवू नका हो, आत्ताच झोपलीय." कोणी उठवलं नाही. दुसऱ्या खोलीत मुलं खेळत होती. बाबा "राहू दे, बसतो" म्हणून परत फिरले आणि हॉलच्या दारातच पाय गेले. पडले नाहीत, भावाने धरलं, पण सतरंजीवर आडवं करावं लागलं. तीन महिन्यांपूर्वी खुबा बदललेल्या माणसाला सगळ्यांच्या मधोमध, जमिनीवर. तिथून उठवायला चार जण आणि तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर लागले. बाबा खालून एवढंच म्हणाले, "पानं वाढून घ्या."

मुलीची चूक नाही, पर्सांची नाही, पाहुण्यांची तर नाहीच. घरात बेचाळीस माणसं येणार म्हटल्यावर सामान कुठेतरी पडणारच, आणि पलंग दिसला की ते पलंगावरच पडतं. म्हणून पर्सांसाठी वेगळी जागा करा: सतरंजी, टेबल, शेजाऱ्यांची खोली, काहीही. बाळांसाठी गादी वेगळी. आणि खोलीला कडी लावून बाहेर माणूस नेमा. मी गंमत करत नाहीये. पंधरा वर्षांचा एखादा पोरगा मोबाइल देऊन दारापाशी बसवा, तो हलणार नाही. दारावर चिठ्ठी लावली तरी कोणी वाचत नाही. फेब्रुवारीत आईच्या सत्तरीला आम्ही चिठ्ठी लावली होती, तासाभरात आत दोन पर्सा. पोरगा नेमल्यावर शून्य.

आत काय हवं: उशी, पातळ पांघरूण, पाणी, भांडं, हाताशी वाजवायला घंटी. देवघरातली चालेल. कानाचं यंत्र काढून ठेवायला डबी, कारण गर्दीत ते यंत्र सगळाच गलका मोठा करतं आणि माणूस नुसत्या आवाजाने थकतो. जेवल्यावर तर आडवं व्हायलाच हवं. वय झालं की भरपेट जेवणानंतर तास-दोन तास बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरतो, आणि आपण नेमकं तेव्हाच फोटोसाठी उभं करतो. फोटो आधी काढा. सगळे फोटो जेवणाआधी.

दुसरा पलंगही रिकामा ठेवा. तो तुमचा. हे मला आईच्या वेळी वहिनीने शिकवलं. दुपारी दोनला तिने माझ्या हातातली मठ्ठ्याची बादली काढून घेतली, फोन काढून घेतला आणि मला आतल्या खोलीत ढकललं. मी दहा मिनिटं म्हणून पडले, उठले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि पाहुणे गेलेले. कोणाचं काही अडलं नव्हतं. जरा रागच आला, खरं सांगायचं तर.

मनोगतं: दोन, प्रत्येकी पाच मिनिटं, भूकंपवाल्यांना शेवटी ठेवा.

केक: छोटा.

पाहुणे गेल्यावर त्याच दिवशी काही आवरू नका. भांडी आचाऱ्याची, खुर्च्या मोजून परत, आहेराची पाकिटं एका पिशवीत, नावं उद्या. दुसऱ्या दिवशी रजा, त्याच्या दुसऱ्या दिवशीही जमली तर रजाच, आणि फोन उचलायचं काम घरातल्या सगळ्यात कमी दमलेल्या माणसाकडे. वाढदिवस कुटुंबात लागोपाठ येत असतील तर पुढचा सरळ पुढे ढकला. माझा बाबांनंतर सहा दिवसांनी येतो, त्या वर्षीचा मला आठवतच नाही, बहुतेक झोपले होते.

उरलेली जिलबी वाटून टाका. वॉकरची रबरं तपासा, सतरंजीत अडकून एखादं निघालेलं असतं. आणि पलंगावरची चादर बदला. कितीही पहारा ठेवा, कोणीतरी पाच मिनिटं लोळून गेलेलंच असतं.