हमिंगबर्ड फीडरकडे फिरकतच नाहीत? या चुका टाळा

वसंत लागला की अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांच्या मागच्या अंगणात हमिंगबर्डसाठी साखरपाण्याचा लाल फीडर टांगला जातो. आठवडा जातो, दोन जातात, पक्षी काही येत नाही. साखरपाणी गढूळ होतं, मुंग्यांची रांग लागते आणि जून उजाडायच्या आत फीडर गराजमधल्या खोक्यात जाऊन पडतो. होणाऱ्या चुका बहुतेक ठरलेल्या आहेत आणि जवळजवळ सगळ्या सुधारता येतात. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे 'पक्षी पाणी संपवतील, मग बदलू' असं म्हणून थांबणं. तिच्याकडे येऊच, पण आधी तारखांचं बघू.

आपल्या गावात ते येतात कधी, हे न बघता वाट पाहणं

मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडे घरटी करणारी हमिंगबर्डची जात एकच, रूबी-थ्रोटेड. वजन जेमतेम ३ ग्रॅम. हे पक्षी हिवाळा मेक्सिको ते पनामा या पट्ट्यात काढतात आणि फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यावर पोचायला लागतात. नॉर्थ कॅरोलिनात ते साधारण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात दिसतात, न्यू जर्सीत एप्रिलच्या उत्तरार्धात, तर शिकागो, मिनेसोटा, टोरांटोकडे एप्रिलअखेरपासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. नर आधी येतात, माद्या काही दिवसांनी.

तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मार्चच्या सुरुवातीला फीडर लावून निराश होण्यात अर्थ नाही. मेअखेरीस लावणंही तोट्याचं, कारण तोवर पक्ष्यांच्या रोजच्या फेऱ्या ठरून गेलेल्या असतात. अपेक्षित तारखेच्या आठ-दहा दिवस आधी फीडर बाहेर असावा. ज्या अंगणात खाणं मिळालं तिथे ते पुढच्या वसंतात परत येतात. त्यामुळे पहिलं वर्ष थोडं कोरडं गेलं तरी फीडर काढू नका.

पश्चिम किनाऱ्यावर हिशेब वेगळा. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आणि सिअ‍ॅटलमध्ये अ‍ॅनाज जातीचे हमिंगबर्ड बाराही महिने असतात. तिथे महिनाभर एकही पक्षी आला नाही, तर पाणी, जागा किंवा स्वच्छता यांत काहीतरी बिघडलं आहे असं समजा.

पुण्या-ठाण्याच्या गॅलरीत मात्र ही वाट पाहू नये. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडे फुलांवर भिरभिरतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, आणि संध्याकाळी फुलापुढे तरंगताना दिसतो तो बहुधा हॉक मॉथ जातीचा पतंग. शिंजिरासाठी फीडर मागवण्यापेक्षा जास्वंद किंवा हॅमेलियाची कुंडी लावणं कितीतरी बरं.

पाक करणं, गूळ घालणं

प्रमाण एकच: १ भाग साधी पांढरी साखर, ४ भाग पाणी, मापाने. पाव कप साखर (सुमारे ५० ग्रॅम) आणि १ कप पाणी. लिटरच्या हिशेबाने १ लिटर पाण्याला साधारण २१० ग्रॅम साखर. हे पक्षी ज्या फुलांवर जातात त्यांच्या मधुरसाचा गोडवा साधारण याच्याच आसपास असतो.

आपल्या स्वयंपाकघरात साखर-पाणी म्हटलं की हात आपोआप पाकाकडे वळतो, आणि गडबड तिथेच होते. पाणी उकळत राहिलं की आटतं आणि १ ला ४ चं १ ला ३ होऊन बसतं. दाट पाणी चिकट होतं, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांना जास्त ओढतं. पाणी गरम करा, गॅस बंद करा, मग साखर घालून विरघळेपर्यंत ढवळा. पूर्ण गार होऊ द्या. उरलेलं झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं.

गूळ, ब्राऊन शुगर, पिवळसर झाक असलेली ऑरगॅनिक साखर यांपैकी काहीही घालू नका. माणसाला पौष्टिक वाटणारं त्यातलं लोह या इवल्या शरीराला झेपत नाही, ते साठत जातं. मधाचं पाणी लवकर आंबतं आणि त्यात बुरशी वाढते. पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून मक्याचा स्टार्च मिसळलेला असतो. शुगर-फ्री गोळ्यांचं पाणी तर सर्वांत घातक, कारण त्यात ऊर्जाच नाही आणि हा पक्षी तासातासाच्या खाण्यावर जगतो. लाल रंगाची अजिबात गरज नसते. फीडरचा लाल भाग लांबूनही दिसतो. दुकानातलं लाल तयार पाणी तर विकतच घेऊ नका. घरी दोन मिनिटांत होणारं पाणी त्याहून चांगलं असतं.

पाणी संपायची वाट बघणं

आता मुख्य मुद्दा. फीडरमधलं साखरपाणी उन्हात किती टिकतं, याचा पक्षी आले की नाही याच्याशी संबंध नाही. ३२ अंश सेल्सिअसच्या म्हणजे ९० फॅरनहाइटच्या पुढे गेलं की दर २ दिवसांनी पाणी बदलायचं, अगदी कडक उन्हाळ्यात रोज. २५ ते ३० अंशांत दर ३ दिवसांनी. वसंतातल्या थंड हवेत ५-६ दिवस चालतं. कोणी चोच लावली नसली तरी ओतून टाकायचं. पहिला हमिंगबर्ड येऊन आंबलेलं पाणी चाखून गेला, तर तो बराच काळ परत येत नाही, आणि इतके दिवस आपण त्याच्याचसाठी थांबलेले असतो.

पाणी खराब झालं हे ओळखायला फीडर उजेडात धरा. आरपार स्वच्छ दिसलं पाहिजे. दुधट झाक, तळाशी तरंगणारे पांढरे धागे, भोकांच्या कडेला काळे ठिपके यांपैकी एक जरी दिसलं तरी सगळं ओता आणि फीडर सुटा करा. नुसतं वरून खळबळून भागत नाही. बुरशी धरते ती भोकांच्या आतल्या बाजूला आणि चकतीच्या पेचात, जिथे बोट पोचत नाही. बाटलीचा ब्रश आणि भोकांसाठी अगदी बारीक ब्रश, असे दोन ठेवा. दर वेळी गरम पाण्याने घासलं तर बहुतेकदा तेवढं पुरतं. चिकटा असेल तर १ भाग पांढरं व्हिनेगर आणि २ भाग पाणी घालून अर्धा-पाऊण तास भिजवा. काळी बुरशी जात नसेल तर १ गॅलन (३.८ लिटर) पाण्यात पाव कप ब्लीच घालून तासभर बुडवा, वास पूर्ण जाईपर्यंत भरपूर पाण्याने धुवा आणि वाळवून मगच भरा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

ओतून टाकायला जीवावर येतं म्हणून बरेच जण थांबतात. त्यावर उपाय म्हणजे कमी भरणं. पण इथे फीडरचा प्रकार आडवा येतो. उलट्या बाटलीचा फीडर अर्धाच भरला तर वरच्या मोकळ्या जागेतली हवा उन्हाने फुगते आणि पाणी खालून ठिबकतं. फ्रिजमधलं थंड पाणी थेट भरलं तरी तेच होतं. तो भरायचा तर काठोकाठ आणि घरातल्या तापमानाचं पाणी घालून. सुरुवातीला दोन-चार पक्षीच येणार असतील तर पसरट बशीसारखा, वर झाकण असलेला फीडर घ्या. त्यात अर्धा कप पाणीसुद्धा ठीक बसतं, ठिबकत नाही, आणि झाकण उचललं की आतला कोपरान्कोपरा घासता येतो. पहिला फीडर घेताना नक्षीची काच बघू नका, तो किती सहज सुटा होतो ते बघा.

चुकीची जागा

दुपारच्या उन्हात टांगलेला फीडर भट्टीसारखा तापतो. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली ही जागा उत्तम. पण दाट फांद्यांच्या आत लपवू नका, वरून जाताना दिसायला हवा. तीन-चार मीटरवर एखादं झुडूप किंवा झाड असावं, म्हणजे दोन घोटांच्या मधे टेकायला काडी मिळते. जमिनीपासून ५ फूट तरी उंची हवी. मांजरी येत असतील तर आणखी वर.

खिडकीच्या काचेचा नियम जरा उलटा वाटेल असा आहे. फीडर काचेपासून १ मीटरच्या आत असावा, नाहीतर सरळ १० मीटर लांब. जवळ असला तर उडताना वेग घ्यायला अंतरच मिळत नाही, आणि धडक बसली तरी हलकी बसते. मधलं अंतर जीवघेणं. अपार्टमेंटमध्ये काचेवर चिकटणारा छोटा फीडर म्हणूनच सोयीचा ठरतो.

गराजचं दार हाताने उघडायची दोरी असते ना, तिला बहुतेकदा लाल मूठ असते. हमिंगबर्ड तिला फूल समजून आत शिरतात आणि घाबरून छतालगत घिरट्या घालत थकून जातात. मुठीवर काळी टेप गुंडाळा. एखादा अडकलाच तर आतले दिवे बंद करा, दार पूर्ण उघडा, फीडर दारातच बाहेरच्या उजेडात ठेवा आणि बाजूला व्हा.

मुंग्या आणि माश्यांवर भलते उपाय

तारेला तेल किंवा व्हॅसलिन फासणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय, आणि तोच टाळायचा. पिसांना लागलेलं तेल या पक्ष्याला साफ करता येत नाही. भारतातून सामानात आणलेला मुंग्यांचा खडू तर फीडरच्या आसपासही नको. ते कीटकनाशक आहे आणि अमेरिकेत त्याच्या विक्रीला बंदी आहे. फीडरच्या वर अडकवायची पाण्याची छोटी वाटी मिळते. मुंगी पाणी ओलांडत नाही. फक्त ती वाटी उन्हात कोरडी पडते, म्हणून साखरपाणी बदलताना तीही भरायची.

मधमाश्या आल्या तर आधी फीडर ठिबकतोय का बघा. बशीच्या फीडरमध्ये पाणी भोकाच्या बरंच खाली असतं. हमिंगबर्डची लांब जीभ तिथवर पोचते, माशीची पोचत नाही. भोकांभोवतीची शोभेची पिवळी फुलं काढून टाका किंवा लाल रंगवा, पिवळा रंग माश्यांना बोलावतो. तरीही हटल्या नाहीत तर फीडर थोडा लांब हलवा. पक्षी तो लगेच शोधतात, माश्यांना वेळ लागतो. फवारणी मात्र कुठेच नको, फुलझाडांवरही नाही. हमिंगबर्डच्या आहारात चिलटं आणि कोळीही असतात, पिल्लांना ते प्रामुख्याने कीटकच भरवतात, आणि घरटं बांधायला त्यांना कोळ्याचं जाळं लागतं. खिडकीच्या कोपऱ्यातलं एखादं जाळं वसंतात राहू द्या.

उन्हाळ्याच्या शेवटी फीडरवर मोठा खंडोबाचा किडा (प्रेइंग मँटिस) दबा धरून बसलेला दिसला तर तो काडीने उचलून दूरच्या झुडपावर सोडा. तो खरोखरच हमिंगबर्ड पकडतो.

येत होते, ते अचानक थांबले

पूर्वेकडे जूनमध्ये हे हमखास होतं, आणि बरेच जण तेव्हाच फीडर काढतात. मादी दोन अंड्यांवर साधारण दोन आठवडे बसते, नंतर तीन आठवडे पिल्लं घरट्यात असतात, आणि हे सगळं ती एकटीच करते. शिवाय बाहेर फुलं भरपूर असतात. फीडर स्वच्छ ठेवून धीर धरा. जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत माद्या, नवी पिल्लं आणि उत्तरेकडून निघालेले पक्षी एकदम येतात. वर्षातली खरी गर्दी हीच. या दिवसांत मोठा फीडर वापरायला हरकत नाही.

एकच नर फीडरवर पहारा देत बाकीच्यांना हुसकत असेल, तर दुसरा फीडर घराच्या कोपऱ्यापलीकडे, पहिल्यावरून दिसणार नाही असा लावा. एकाला दोन्हीकडे लक्ष ठेवता येत नाही. फीडर शेजारी शेजारी लावून हे साधत नाही.

नुसत्या फीडरपेक्षा शेजारी फुलं असतील तर पक्षी लवकर थबकतात. पूर्वेकडे तिथलीच झाडं लावा: वसंतात लाल कोलंबाइन आणि ट्रंपेट हनिसकल, उन्हाळ्यात बी बाम, ऑगस्टमध्ये कार्डिनल फ्लॉवर. ओलसर सावलीची जागा असेल तर ज्युएलवीड आपोआपही उगवतं. ते आपल्या तेरड्याच्याच कुळातलं, आणि दक्षिणेकडे निघालेले हमिंगबर्ड त्याच्यावर हटकून येतात.

थंडी लागताच फीडर उतरवणं

'फीडर ठेवला तर पक्षी स्थलांतरच करणार नाही' ही भीती निराधार आहे. निघायची वेळ त्यांना दिवस लहान होऊ लागल्यावर कळते. शेवटचा पक्षी दिसल्यानंतर दोन आठवडे फीडर ठेवा, मागे राहिलेल्यांना तो उपयोगी पडतो. न्यू जर्सीकडे ऑक्टोबरच्या मध्यानंतर एखादा दिसला तर नीट बघा. तो पश्चिमेकडचा वाट चुकलेला रूफस जातीचा हमिंगबर्ड असू शकतो.

सिअ‍ॅटलसारख्या ठिकाणी हिवाळाभर फीडर चालू ठेवायचा असेल तर साखर वाढवू नका, प्रमाण तेच. हे पाणी शून्याच्या थोडं खाली गोठायला लागतं. रात्री फीडर घरात घ्या आणि उजाडायच्या आधी बाहेर लावा. रात्रभर उपाशी असलेला पक्षी पहिल्या उजेडातच येतो. दोन फीडर आलटून पालटून वापरले तर काम सोपं होतं.

पूर्वेकडे फीडर ठेवून द्यायची वेळ आली की तो सुटा करून घासा, प्रत्येक भाग पूर्ण कोरडा होऊ द्या आणि घट्ट न जोडता सुटाच खोक्यात ठेवा. ओलसर असताना जोडून ठेवला, तर पुढच्या एप्रिलमध्ये पेचात काळी बुरशी सापडते.