जुन्या ऑफिस पीसीत ग्राफिक्स कार्ड बसवताना

ऑफिसातून निघून सोलापुरातल्या घरात आलेला सेकंडहँड टॉवर, म्हणजे उभ्या डब्याचा पीसी. दिवसा त्यावर चादरीचं जॅकार्ड (विणीतल्या नक्षीचं) डिझाइन, रात्री पोरांचा गेम. अशा पीसीला कार्ड घेताना आधी डोक्यात ठेवायचा आकडा म्हणजे ७५ वॅट. मदरबोर्डावरचा एक्स१६ स्लॉट, म्हणजे कार्ड बसतं ती लांब खाच, कार्डाला जास्तीत जास्त एवढीच वीज देतो. त्यापुढे ६ किंवा ८ पिनची वेगळी वायर लागते, आणि ऑफिस पीसीच्या २४०-३०० वॅटच्या एसएमपीएसला (वीजपुरवठ्याच्या डब्याला) ती बहुधा नसतेच. साटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या, वायरीला कन्व्हर्टर लावून ८ पिन करून देणारे भेटतील. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटपुरता असतो, तो वितळतो. नको त्या वाटेला जाऊ.

हौशी गेमर कार्डासोबत एसएमपीएसही बदलतो, साधं गिऱ्हाईक बदलत नाही. म्हणूनच स्लॉटच्या विजेवर भागणारी एनव्हिडिया कंपनीची कार्डं निघाली: २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय, २०१९ चं जीटीएक्स १६५० (दोन्हींच्या काही मॉडेलना ६ पिन असते, फोटो बघून घ्या) आणि फेब्रुवारी २०२४ चं आरटीएक्स ३०५० ६ जीबी.

पण सगळ्यांसाठी माल काढताना कंपन्या नाव तेच ठेवतात आणि आतला ऐवज कमी करतात. ३०५० चं ८ जीबी मॉडेल २५६० कोअर (आकडेमोड करणारे भाग), १२८ बिट (मेमरीच्या वाटेची रुंदी), १३० वॅट; ६ जीबीचं २३०४ कोअर, ९६ बिट, ७० वॅट. फरक फक्त २ जीबीचा नाही. जीटी १०३० या स्वस्त कार्डात तर सरळ फसगत: २०१८ मध्ये आलेल्या डीडीआर४ मॉडेलची मेमरी जीडीडीआर५ वाल्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या वेगाने चालते. एएमडीच्या आरएक्स ६४०० ला चारच लेन (बोर्डाशी माहितीची ये-जा करायच्या वाटा), त्यामुळे जुन्या बोर्डावर ते अडखळतं. वर व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ रेकॉर्ड करताना लागणारा भाग, नाही. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सोय) लागतो. जुन्या बोर्डात तो नसेल तर विषय सोडा.

पैसे देण्याआधी टेप घ्या. मागच्या पत्र्यापासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती जागा आहे आणि स्लॉटशेजारचा स्लॉट मोकळा आहे का, ते बघा. बारक्या कॅबिनेटला लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड हवं, मागच्या बाजूला लागणाऱ्या सुमारे ८० मिमीच्या पट्टीसकट. पट्टी खोक्यात आहे का, हे दुकानातच उघडून बघा.

बसवताना प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. कार्ड सरळ दाबा, स्लॉटची खिट्टी 'टक्' वाजली पाहिजे, मग स्क्रू. मॉनिटरची केबल आता कार्डालाच लावायची. 'डिस्प्ले येत नाही' म्हणून परत आलेल्या कित्येक पीसींत ती मदरबोर्डालाच असते. मॉनिटर जुना व्हीजीए असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए असा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल. तरीही पडदा काळाच राहिला तर कार्ड काढून बायॉस (पीसी सुरू करणारा मदरबोर्डावरचा प्रोग्राम) अपडेट करा.

ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकल्यावर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून मेमरीचा प्रकार आणि बिट पावतीशी ताडून बघा. जुन्या चिपवर १०५० टीआयचं नाव चढवलेली कार्डं बाजारात फिरतात. हा प्रोग्राम त्यातली बरीचशी 'फेक' म्हणून दाखवतो.

आता सोलापूरचं खरं दुखणं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, आणि शेजारी यंत्रमाग असेल तर हवेत सुताचे तंतू. ते पंख्यातून आत जातात आणि हीटसिंकच्या (कार्ड थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर नमद्यासारखे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड थरासारखे, बसतात. बाहेरून पंखा लख्ख दिसतो, आत हवा जातच नाही. एनव्हिडिया कार्ड ८३ अंशांच्या आसपास पोचलं की स्वतःच वेग कमी करतं आणि गेम अडकू लागतो. माग जवळ असेल तर महिन्याला ब्लोअर मारा; पंखा बोटाने धरून, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. नमदा घट्ट बसला असेल तर पंख्याचे स्क्रू काढून ब्रशने सोडवा. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या प्रोग्रामात पॉवर लिमिट (वीज वापराची मर्यादा) ८५ टक्क्यांवर आणलं तर वेग थोडाच घटतो, तापमान मात्र चांगलं उतरतं. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवायचा मोह होईल, पण मागाशेजारच्या घरात आठवड्याभरात पुन्हा नमदा तयार.