रीफ टँकमध्ये सूक्ष्म मूलद्रव्ये देताना: मोजमाप, हिशेब आणि टाळता येणाऱ्या चुका

रीफ टँकमधील, म्हणजे प्रवाळ पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील, प्रवाळांचा रंग उतरू लागला, पॉलिप (प्रवाळ ज्यांचे बनलेले असते ते छोटे जीव) पूर्वीसारखे उघडेनासे झाले किंवा वाढ थांबल्यासारखी वाटली, की बहुतेकांचा हात आधी सूक्ष्म मूलद्रव्यांच्या बाटलीकडे जातो. आयोडीन, लोह, मँगनीज, जस्त, मॉलिब्डेनम यांची प्रवाळांना आणि त्यांच्या पेशींमध्ये राहणाऱ्या झूझॅन्थेली या शैवालाला गरज असते, यात वाद नाही. मात्र ही गरज किती अल्प आहे, हे आकडे पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात कॅल्शियम सुमारे ४१० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे १,२९० मिलिग्रॅम असते. आयोडीन मात्र जेमतेम ६० मायक्रोग्रॅम, मॉलिब्डेनम १० मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि तांबे तर एका मायक्रोग्रॅमहूनही कमी. एक मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. मापाचे एकक वाचण्यात गफलत झाली, तर मात्रा थेट हजार पटींनी चुकते. म्हणूनच टँकमध्ये होणारे नुकसान कमतरतेपेक्षा न मोजता दिलेल्या मात्रेमुळे अधिक होते, असे माझे ठाम मत आहे. खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत, त्याच क्रमाने कराव्यात. मधली एखादी गाळली, तर पुढच्या पायरीवरचे आकडे विश्वासार्ह राहत नाहीत.

पहिली पायरी: आधी खारटपणा तपासावा

सूक्ष्म मूलद्रव्यांची कमतरता म्हणून जे दिसते, ते अनेकदा केवळ पाणी कमी खारट असल्याचे लक्षण असते. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. टँकमध्ये हेच प्रमाण ३१ वर आले असेल, तर पाण्यातील प्रत्येक घटक साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो: मॅग्नेशियम १,२९० ऐवजी १,१४० च्या आसपास, पोटॅशियम ४०० ऐवजी ३५५ च्या आसपास आणि स्ट्रॉन्शियम ८ ऐवजी ७ मिलिग्रॅमच्या आसपास दिसते. अशा वेळी प्रत्येक घटकाची वेगळी बाटली आणून तूट भरून काढणे म्हणजे एका चुकीवर दहा चुका रचणे होय. चाचणीच्या अहवालात सगळेच मोठे घटक एकाच प्रमाणात कमी दिसत असतील, तर दोष मिठाच्या प्रमाणात आहे असे समजावे आणि काही दिवसांत हळूहळू खारटपणा वाढवून पुन्हा चाचणी करावी.

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजण्याचे उपकरण, केवळ शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून तो बरोबर आहे, असे मानू नये. शून्यावर अचूक असणारे उपकरण ३५ वर चुकू शकते. त्यामुळे ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणानेच त्याची जुळणी करावी.

खारटपणा ठीक झाल्यावर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता), कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि फॉस्फेट पाहावेत. नायट्रेट आणि फॉस्फेट मोजता न येण्याइतके खाली गेले, की प्रवाळ फिकट पडतात, आणि हा फिकेपणा लोह किंवा मँगनीजच्या अभावासारखाच भासतो. अल्कलिनिटी रोज खर्चच होत नसेल, तर प्रवाळांचा सांगाडा वाढत नाही, असा त्याचा अर्थ आहे. तिथे अडचण प्रकाशात, प्रवाहात किंवा पाण्याच्या स्थैर्यात शोधावी. सूक्ष्म मूलद्रव्यांचा क्रम या सगळ्यांनंतर येतो.

दुसरी पायरी: टँकमधील खरे पाणी मोजावे

सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत सहज टळणारी चूक म्हणजे टँकवर लिहिलेले आकारमान हिशेबात धरणे. १०० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच टँक बाहेरच्या मापाने २५० लिटरचा भरतो. पण काच एक सेंटिमीटर जाडीची असेल, तर आतली लांबी ९८ आणि रुंदी ४८ सेंटिमीटर राहते; पाण्याची उंची ४४ सेंटिमीटर धरली, तर आत सुमारे २०७ लिटरच जागा उरते. त्यातील खडक आणि वाळू यांनी ३५ लिटर जागा व्यापली, तर प्रत्यक्ष पाणी १७० लिटरच्या आसपास भरते. २५० लिटरच्या हिशेबाने दिलेली प्रत्येक मात्रा या टँकसाठी जवळजवळ दीडपट ठरते, आणि ही दीडपट दर आठवड्याला साचत जाते.

संप, म्हणजे मुख्य टँकला जोडलेली वेगळी टाकी, असल्यास पंप चालू असताना त्यात जेवढे पाणी असते, तेवढेच मिळवावे. संपची पूर्ण क्षमता नव्हे. टँक नव्याने भरत असाल, तर खडक आणि वाळू ठेवून झाल्यावर मापाच्या बादलीने पाणी ओतावे आणि एकूण लिटर नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावेत. पुढची सर्व गणिते याच आकड्यावर उभी राहतात.

तिसरी पायरी: चाचणी करावी आणि अहवाल नीट वाचावा

लोह, जस्त, व्हॅनेडियम, निकेल यांसारखे घटक समुद्राच्या पातळीवर घरगुती किटने विश्वासार्हपणे मोजता येत नाहीत. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून आयसीपी चाचणी (पाण्यातील अनेक मूलद्रव्यांचे प्रमाण एकाच वेळी मोजणारी चाचणी) करून घ्यावी लागते. नमुना घेताना नळी आधी टँकच्याच पाण्याने खळबळून घ्यावी, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये आणि जिथे पाणी चांगले फिरते, तिथूनच नमुना घ्यावा. कोणतीही मात्रा दिल्यानंतर किमान २४ तास जाऊ द्यावेत, नाहीतर नुकताच ओतलेला घटक अहवालात फुगून दिसतो. टँकसाठी वापरले जाणारे आरओ-डीआय पाणीही (गाळणीने क्षार काढून शुद्ध केलेले पाणी) शक्य असल्यास तपासून घ्यावे. गाळणीतून काही सुटत असेल, तर तो घटक बाष्पीभवनाची भरपाई करताना रोज टँकमध्ये येतो आणि तिथेच साचतो.

अहवालातील 'शून्य' हा आकडा फार गैरसमज निर्माण करतो. शून्य म्हणजे घटक नाही, असे नव्हे. यंत्राला ओळखता येईल त्या मर्यादेखाली तो आहे, एवढेच त्यावरून कळते. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर विरघळलेले लोह अनेक ठिकाणी लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमहूनही कमी असते आणि कोबाल्ट काही नॅनोग्रॅम इतकेच. निरोगी समुद्राचे पाणी तपासले, तरी या रकान्यांत शून्य येऊ शकते. त्यामुळे कोबाल्ट शून्य दिसले म्हणून कोबाल्टची बाटली आणणे निराधार आहे. दुसरी मर्यादा अशी, की ही चाचणी घटकाचे एकूण प्रमाण सांगते. तो मुक्त आहे की सेंद्रिय पदार्थांना बांधलेला, हे सांगत नाही. एखादा आकडा आधीच्या अहवालांशी अजिबात जुळत नसेल, तर उपाय करण्याआधी दुसरा नमुना पाठवावा. एका अहवालाच्या भरवशावर मोठी दुरुस्ती करू नये.

चौथी पायरी: मात्रा मिलिग्रॅममध्ये काढावी, थेंबांत नव्हे

सूत्र सोपे आहे: हवी असलेली पातळी वजा सध्याची पातळी, गुणिले खरे लिटर. आयोडीनचे उदाहरण घेऊ, कारण सर्वाधिक गोंधळ त्याच्याबाबतीत होतो. अहवालात आयोडीन ३० मायक्रोग्रॅम आले आहे, ते ६० वर न्यायचे आहे आणि पाणी १७० लिटर आहे. तूट ३० गुणिले १७०, म्हणजे ५,१०० मायक्रोग्रॅम किंवा ५.१ मिलिग्रॅम झाली.

आता हाती लुगोलचे, म्हणजे आयोडीनचे तीव्र, द्रावण आहे असे धरू. ज्यात ५ टक्के आयोडीन आणि १० टक्के पोटॅशियम आयोडाइड असते, त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये एकूण सुमारे १२६ मिलिग्रॅम आयोडीन भरते. एक मिलिलिटरचे वीस थेंब धरले, तर एका थेंबात ६.३ मिलिग्रॅम आले. म्हणजे आपली संपूर्ण तूट एका थेंबापेक्षाही कमी आहे. 'रोज दोन थेंब टाका' हा सल्ला सहज दिला जातो. १७० लिटरच्या टँकमध्ये त्यातला एकच थेंब पातळी ३७ मायक्रोग्रॅमने वाढवतो, म्हणजे समुद्रातील एकूण आयोडीनच्या निम्म्याहून अधिक भर एका क्षणात पडते. शिवाय थेंबाचा आकार ड्रॉपरप्रमाणे आणि धरण्याच्या कोनाप्रमाणे बदलतो.

म्हणून मूळ द्रावण कधीही थेट टँकमध्ये टाकू नये. त्यातील १ मिलिलिटर सिरिंजने मोजून घ्यावे आणि ९९ मिलिलिटर आरओ-डीआय पाण्यात मिसळावे. या पातळ द्रावणात मिलिलिटरमागे १.२६ मिलिग्रॅम आयोडीन असेल. ५.१ मिलिग्रॅमसाठी साधारण ४ मिलिलिटर लागतील. ते आठ दिवसांत विभागून रोज अर्धा मिलिलिटर द्यावे. द्रावण गडद रंगाच्या बाटलीत ठेवावे, बाटलीवर तारीख आणि तीव्रता लिहावी आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. लुगोल वेगवेगळ्या तीव्रतेत मिळते, हेही विसरू नये. वरचे आकडे केवळ वर सांगितलेल्या तीव्रतेला लागू आहेत. आपल्या बाटलीवरील प्रमाण वाचून हिशेब पुन्हा करावा.

पाचवी पायरी: दैनंदिन खप शोधावा

तूट भरून काढणे आणि रोजचा खप भागवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकच समजल्यामुळे दुरुस्तीची मात्रा महिनोन्महिने चालू राहते. वरच्याच उदाहरणात आठ दिवसांनी चाचणी केली आणि ६० ऐवजी ५२ आले, तर हिशेब चुकलेला नाही. त्या आठ दिवसांत टँकने आयोडीन वापरलेही आहे. आता मात्रा थांबवावी, पाणी बदलणेही त्या काळापुरते थांबवावे आणि चौदा दिवसांनी पुन्हा नमुना पाठवावा. तेव्हा ३८ आले, तर खप दिवसाला लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ठरतो. १७० लिटरसाठी तो ०.१७ मिलिग्रॅम, म्हणजे पातळ द्रावणाचे जेमतेम ०.१३ मिलिलिटर. मूळ लुगोलचा एक थेंब या टँकला पाच आठवड्यांहून अधिक काळ पुरला असता. हे गणित एकदा स्वतःच्या आकड्यांनी मांडून पाहिले, की थेंब मोजण्याची सवय आपोआप सुटते.

खप कायम तसाच राहत नाही. प्रवाळ वाढले, नवे आणले, सक्रिय कोळसा (पाण्यातील घटक शोषून घेणारा कोळसा) बदलला किंवा स्किमर (फेसाद्वारे सेंद्रिय कचरा काढणारे यंत्र) अधिक ओढू लागला, की तो बदलतो. दिलेले खाद्यही पाण्यात जस्त, तांबे, आयोडीन आणत असते. ज्या टँकमध्ये प्रवाळ थोडे आहेत आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी नियमित बदलले जाते, तिथे वेगळी मात्रा द्यावी लागतेच असे नाही. तसा खप चाचणीत दिसला, तरच ती सुरू करावी.

सहावी पायरी: देण्याची पद्धत

मात्रा संपमध्ये किंवा पंपाजवळच्या जोरदार प्रवाहात द्यावी, प्रवाळांच्या थेट वर नव्हे. डोसिंग पंप (ठरलेली मात्रा आपोआप देणारा पंप) वापरत असाल, तर महिन्यातून एकदा त्याने टाकलेले द्रावण मापाच्या नळीत धरून पाहावे, कारण पंपातली नळी झिजते आणि मात्रा सरकते. सूक्ष्म मूलद्रव्ये बाष्पीभवनाच्या भरपाईच्या टाकीत मिसळणे सोयीचे वाटते, पण बाष्पीभवन हवामानाप्रमाणे बदलते आणि त्याबरोबर मात्राही बदलते. त्याच टाकीत चुन्याचे पाणी असेल, तर उच्च पीएचमुळे अनेक धातूंचा साका होऊन ते तळाशी बसतात आणि टँकपर्यंत पोहोचतच नाहीत.

एकाच वेळी दोन मिश्र उत्पादने वापरू नयेत. दोन्हींत आयोडीन असू शकते, मिठातही ते असू शकते, आणि एकूण बेरीज कोणीच करत नाही. ज्या बाटलीवर घटक आणि त्यांचे प्रमाण छापलेले नाही, तिच्यावर वरचा हिशेब करता येत नाही, म्हणून अशी बाटली मी वापरण्यास सुचवणार नाही. लोहाच्या बाबतीत हात आणखी आखडता घ्यावा, कारण त्याचा फायदा झूझॅन्थेलीइतकाच नको असलेल्या शेवाळालाही होतो. तांबे तर वेगळे कधीच देऊ नये. कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांच्यासाठी गरज आणि विषबाधा यांतील अंतर फार थोडे आहे. एका आठवड्यात एकच बदल करावा आणि तो तारखेसह नोंदवावा, म्हणजे काही बिघडले तर कारण शोधता येते.

मात्रा जास्त झाली तर

पॉलिप एकाएकी आक्रसले, ऊती तळापासून सोलू लागल्या किंवा गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या, तर सर्व मात्रा तत्काळ थांबवाव्यात. ताजा सक्रिय कोळसा लावावा. जास्तीचा घटक धातू असेल, तर धातू शोषून घेणारे माध्यम वापरावे. पाणी बदलण्याचा परिणाम लोक मनात जास्त धरतात, प्रत्यक्षात १० टक्के पाणी बदलल्याने जास्तीचा केवळ दहावा हिस्सा जातो. २० टक्के पाणी तीन वेळा बदलले, तरी जवळजवळ निम्मा अंश पाण्यात राहतो. म्हणून एक-दोन दिवसांच्या अंतराने, तापमान आणि खारटपणा जुळवलेले पाणी वापरून हे काम अनेकदा करावे लागते.

त्याच वेळी, बाटलीव्यतिरिक्त दुसरा स्रोत नाही ना, हेही शोधावे. गंजलेले चुंबक, पंपाचा झिजलेला धातूचा दांडा, नळीवरचा धातूचा क्लॅम्प, पितळी जोड यांमधून जस्त, तांबे किंवा निकेल सतत पाझरत असते आणि पाणी कितीही बदलले तरी आकडा खाली येत नाही. स्रोत काढून टाकल्यानंतरच्या चाचणीत पातळी समुद्राच्या जवळ आली, की मगच पूर्वीच्या दैनंदिन मात्रेच्या निम्म्याने पुन्हा सुरुवात करावी आणि चौदा दिवसांनी नवा नमुना पाठवावा.