सामायिक सेप्टिक टँक असलेले घर घेताना या चुका टाळा

नाशिकच्या वाढत्या हद्दीवर, मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी या बाजूंना, जोडबंगला किंवा रो-हाउस पाहायला येणारी माणसे फरशी, ओटा आणि नळाचा दाब बारकाईने तपासतात. सेप्टिक टँक कोणाच्या जागेत आहे, हे मात्र विचारत नाहीत. "टाकी सामायिक आहे" एवढ्या उत्तरावर इसार देणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

माझ्या मामेभावाने म्हसरूळजवळ जोडबंगल्यातील एक घर घेतले, तेव्हा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासून वकिलाने दिलेला अहवाल, स्वच्छ होता; पण दोन्ही घरांची टाकी शेजाऱ्याच्या पोर्चखाली होती आणि खरेदीखतात तिचा उल्लेखही नव्हता. पुढे शेजाऱ्याने पोर्चला नवी फरशी बसवताना टाकीचे झाकण बुजवून टाकले. ऐन पावसाळ्यात मामेभावाच्या तळमजल्यावरचा संडास तुंबला, तर शेजारी फरशी फोडू देईना. त्याचे जोते उंच असल्यामुळे त्याला काहीच त्रास नव्हता. उपसायला आलेला टँकर तसाच परत गेला. अखेर नव्या फरशीचा सगळा खर्च मामेभावाने सोसला, तेव्हा कुठे झाकण उघडले.

भारतीय सुखाधिकार अधिनियम, 1882 प्रमाणे सुखाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचा ठरावीक वापर करण्याचा हक्क, केवळ वहिवाटीवर सांगायचा, तर 20 वर्षांचा अखंड वापर दाखवावा लागतो. शिवाय जी जमीन विकणाऱ्याची नाही, तिच्यावरचा नवा हक्क तो तुम्हाला खरेदीखतात लिहून देऊ शकत नाही. त्यामुळे टाकीची जागा दाखवणारा नकाशा, उपसण्यासाठी व दुरुस्तीसाठी आत येण्याचा हक्क आणि खर्चाची वाटणी, एवढे नमूद असलेला नोंदणीकृत करार शेजाऱ्याच्या सहीने झाल्याशिवाय मी कोणालाही पुढे जाऊ देत नाही. "ते नंतर बघू" म्हणणाऱ्या दलालाचे ऐकणाऱ्या उतावळ्या ग्राहकांची मला खरोखर काळजी वाटते.

दुसरी चूक म्हणजे घर फक्त उन्हाळ्यात पाहणे. भेगाळलेली काळी माती तेव्हा पाणी पिते. पावसात तीच फुगते, टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा भरतो आणि पाणी उलटते. मी झडीनंतर जातो आणि झाकण उघडायला लावतो, मात्र त्यावर वाकत नाही आणि जवळ काडी पेटवू देत नाही, कारण आत विषारी व ज्वालाग्राही वायू असतात. पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पाईपच्या तळाशी असावी. ती वर चढलेली असेल, तर पुढची वाट तुंबली आहे. बरीच खाली असेल, तर टाकी गळते आहे, असे मी धरतो.

गच्चीचे पावसाळी पाणी टाकीत सोडलेले नसावे. पिण्याची विहीर शोषखड्ड्यापासून किमान 18 मीटर दूर हवी. संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून टँकरचा पाईप रस्त्यापासून झाकणापर्यंत पोहोचतो का, हे इसारापूर्वीच मोजून घ्यावे.