जन्मतारखांच्या वहीतून जॅझचा संग्रह कसा उभारावा

जॅझच्या ध्वनिमुद्रिका जमवू लागलेल्या माणसाची पहिली अडचण विपुलतेची असते. १९१७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ या वाद्यवृंदाने व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले आणि जॅझची पहिली तबकडी बाजारात आली. तेव्हापासून इतके संगीत साठत गेले आहे की कोणते टोक धरावे हेच समजत नाही. निवड केवळ आवडीवर सोपवली, तर संग्रह चार-पाच प्रसिद्ध नावांभोवतीच घुटमळत राहतो. यावर मला सर्वांत उपयोगी वाटणारा उपाय म्हणजे वादक-गायकांच्या जन्मतारखांची वही करणे आणि ज्या दिवशी ज्यांचा जन्म झाला, त्या दिवशी त्यांचेच संगीत ऐकणे. तारखेला आपल्या आवडीनिवडीशी काही कर्तव्य नसते, त्यामुळे एरवी आपण ज्यांच्याकडे वळलो नसतो अशा कलावंतांपर्यंतही ती आपल्याला नेते.

वहीत प्रत्येक महिन्याला दोन-तीन पाने ठेवावीत आणि आरंभी पंचवीस-तीस नावेच घ्यावीत. काही महिने आपोआप भरून जातात. एप्रिलमध्ये बिली हॉलिडे (७ एप्रिल १९१५), चार्ल्स मिंगस (२२ एप्रिल १९२२), एला फिट्झजेराल्ड (२५ एप्रिल १९१७) आणि ड्यूक एलिंग्टन (२९ एप्रिल १८९९) येतात. ऑक्टोबरमध्ये थेलोनिअस मंक (१० ऑक्टोबर १९१७), आर्ट ब्लेकी (११ ऑक्टोबर १९१९), आर्ट टेटम (१३ ऑक्टोबर १९०९) आणि डिझी गिलेस्पी (२१ ऑक्टोबर १९१७) येतात. नावापुढे वाद्य आणि जन्मस्थळ अवश्य लिहावे, कारण कोण कुठून निघून कोणत्या शहरात वाजवू लागला, हे कळल्याशिवाय शैलींचे नाते उलगडत नाही.

तारखा मात्र पारखून घ्याव्या लागतात. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग आपला जन्म ४ जुलै १९०० रोजी झाल्याचे सांगत असत आणि त्यांच्या हयातीत हीच तारीख सर्वत्र छापली जात होती. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे न्यू ऑर्लिन्समधील चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतून खरी तारीख ४ ऑगस्ट १९०१ असल्याचे उघड झाले. पियानोवादक जेली रोल मॉर्टन यांच्या जन्मवर्षाबद्दलही असाच मतभेद आहे. अशा ठिकाणी दोन्ही तारखा लिहाव्यात आणि कोणती कागदपत्रांवर आधारलेली आहे, तेही नोंदवावे. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचे डब्ल्यूकेसीआर हे रेडिओ केंद्र आर्मस्ट्राँग यांच्यासाठी दोन्ही दिवस राखून ठेवते, आणि हा रिवाज मला फार मोलाचा वाटतो: पहिल्या तारखेला कलावंताने स्वतःबद्दल जे मानले त्याचा मान राहतो आणि दुसऱ्या तारखेला पुराव्याचा.

त्या दिवशी काय ऐकावे, हा या पद्धतीचा गाभा आहे. एकाच दिवसात सगळे कर्तृत्व ऐकण्याचा हव्यास धरू नये. सुरुवातीचे, भरातले आणि उत्तरार्धातले अशी तीन ध्वनिमुद्रणे निवडून प्रत्येक दोनदा ऐकावे. २७ ऑगस्ट हा लेस्टर यंग यांचा दिवस घेऊ. १९०९ मध्ये जन्मलेल्या यंग यांच्या सॅक्सोफोनचे पहिले ध्वनिमुद्रण १९३६ मध्ये शिकागोत झाले. तबकडीवर वृंदाचे नाव ‘जोन्स-स्मिथ इन्कॉर्पोरेटेड’ असे आहे, कारण पियानोवर बसलेले काउंट बेसी डेक्का कंपनीशी करारबद्ध होते आणि त्यांचे नाव छापता येत नव्हते. हे ठाऊक नसेल तर बेसींच्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती ही तबकडी लागणारच नाही. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९३७ मध्ये, यंग हे गायिका बिली हॉलिडे यांच्याबरोबर पियानोवादक टेडी विल्सन यांच्या वृंदात वाजवताना ऐकू येतात. गाण्याच्या ओळी संपतात तिथे सॅक्सोफोन ज्या हळुवारपणे बोलू लागतो, त्याला तोड नाही. आता वहीत विल्सन यांची २४ नोव्हेंबर १९१२ ही तारीख लिहावी, बेसींची २१ ऑगस्ट १९०४ लिहावी आणि ढोलवादक जो जोन्स यांचा शोध घ्यावा. प्रत्येक जन्मदिवसातून अशी साथीदारांची दोन-तीन नावे निघतात, आणि संग्रह त्याच मार्गाने वाढू द्यावा.

दोनच दिवसांनी, २९ ऑगस्टला, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांचा दिवस येतो (जन्म १९२०, कॅन्सस सिटी). त्यांनी २६ नोव्हेंबर १९४५ रोजी सॅव्हॉय कंपनीसाठी मुद्रित केलेले ‘को-को’ ऐकताना बीबॉप ही जॅझची जलद, गुंतागुंतीची नवी शैली एकाएकी पूर्ण वाढलेल्या रूपात समोर आल्यासारखी वाटते. त्यामागे ठोस कारण आहे. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बंदी घातली होती, आणि व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांच्या बाबतीत ती १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत टिकली. त्यामुळे बीबॉप घडत असतानाचे महत्त्वाचे दिवस तबकड्यांवर जवळजवळ उतरलेच नाहीत. संग्रहातील अशी पोकळी आपल्या शोधातल्या उणिवेची नसते, हे वहीत लिहून ठेवावे.

खरेदी करताना काळाचे भान ठेवावे. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये एलपी, म्हणजे दीर्घकाळ वाजणारी तबकडी, आणण्यापूर्वी दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. त्या काळासाठी संपूर्ण ध्वनिमुद्रण-सत्रे क्रमाने देणारे संच घ्यावेत. त्यात एकाच रचनेची वेगवेगळी मुद्रणे शेजारी-शेजारी मिळतात आणि वादकाने काय बदलले, ते ऐकता येते. १९५० नंतरच्या कलावंतांच्या बाबतीत मात्र अख्खी एलपी हेच एकक मानावे.

पहिल्या आवृत्तीचा मोह प्रत्येक संग्राहकाला होतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ब्लू नोट कंपनीच्या जुन्या तबकड्यांवर लेबलाभोवतीच्या रिकाम्या पट्टीत ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डर यांची खूण आणि तबकड्या छापणाऱ्या कारखान्याची कानाच्या आकाराची खूण शोधण्यात मोठा आनंद आहे. पण पहिली आवृत्ती मूळ वादनाशी सर्वांत प्रामाणिक असतेच, असे नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस (२६ मे १९२६) यांच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या एलपीची पहिली बाजू मुद्रित करताना टेपयंत्र किंचित हळू फिरत होते, त्यामुळे तबकडीवर ते संगीत मूळपेक्षा थोडे चढ्या स्वरात आणि जलद वाजते, ही चूक १९९२ मध्ये दुसऱ्या यंत्रावरील टेप वापरून दुरुस्त झाली. म्हणून ऐकण्यासाठी मूळ टेपवरून काढलेली चांगली नवी आवृत्ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तबकड्या उभ्या ठेवाव्यात आणि कडेला धरूनच उचलाव्यात. लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना अल्कोहोल लागू देऊ नये, कारण त्यात लाख विरघळते. त्यांच्यासाठी सुईही एलपीच्या सुईपेक्षा बरीच रुंद लागते.

ऐकून झाल्यावर रचनेचे नाव, मुद्रणाची तारीख, सर्व वादक आणि पुढच्या वर्षी काय शोधायचे, एवढे त्या पानावर लिहावे. प्रत्येक पानावर मोकळी जागाही राखावी, कारण मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीही कलावंताच्या यादीत भर पडते. मंक आणि जॉन कोल्ट्रेन यांनी २९ नोव्हेंबर १९५७ रोजी कार्नेगी हॉलमध्ये एकत्र वाजवलेल्या मैफलीच्या टेप २००५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडल्या आणि त्याच वर्षी प्रकाशित झाल्या. तिची नोंद मंक यांच्या १० ऑक्टोबरच्या आणि कोल्ट्रेन यांच्या २३ सप्टेंबरच्या, अशा दोन्ही पानांवर करावी: मंक यांच्या दिवशी त्यांच्या पियानोकडे लक्ष देऊन ती ऐकावी, कोल्ट्रेन यांच्या दिवशी त्यांच्या सॅक्सोफोनकडे.