गुरूचा फोटो नको, व्हिडिओ घ्या

दुर्बिणीतून गुरूचा एकच फोटो काढला की पट्टे हमखास पुसट येतात. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो, वरची हवा हलत असते. म्हणून व्हिडिओ घ्यायचा. हजारो फ्रेम्सपैकी ज्या काही फ्रेम्स हवा स्थिर असताना मिळतात, त्या ऑटोस्टॅकर्ट हे मोफत सॉफ्टवेअर निवडून एकावर एक रचतं. मग रजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटचे, म्हणजे बारकावे ठळक करणारे, स्लायडर हळूहळू सरकवा. ग्रहाच्या कडेला पांढरी किनार दिसू लागली की हात आवरा. (इथेच भल्याभल्यांना मोह होतो.)

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांत थांबवा. गुरू 10 तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे लांबवलं तर त्याच्यावरचा तांबडा डाग (तिथलं प्रचंड वादळ) फरफटलेला दिसतो. एक्स्पोजर थोडं कमीच ठेवा, पांढरे पट्टे जळाले की परत मिळत नाहीत.

आणि गच्चीचं जरा बघा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो नि बिंब पाण्याखाली असल्यासारखं थरथरतं. अंगण किंवा माती असेल तर तिथेच दुर्बीण लावा, तीही तासभर आधी बाहेर काढून. गुरू चांगला वर चढल्याशिवाय रेकॉर्डिंगची घाई नको.